दाराला तोरण

मंडळी, सण जवळ आला की आपण काय करतो? घर झाडतो, अंगण सारवतो. आणि मग दाराकडे वळतो. दाराला तोरण बांधल्याशिवाय सण आल्यासारखे वाटतच नाही.

दार म्हणजे घराचे तोंड. पाहुणा आधी दार बघतो, मग घर. म्हणून आपल्या वाडवडिलांनी दाराला मान दिला. नव्या कामाला हात घातला की आपण म्हणतो, "कामाचं तोरण बांधलं." शिवाजी महाराजांनी तरुणपणी तोरणा किल्ला घेतला, तेव्हा स्वराज्याचे तोरण बांधले, असे आपण आजही म्हणतो. तोरण म्हणजे चांगल्याची सुरुवात.

हे तोरण, या पताका, हा कंदील स्वस्तात, हाताने आणि कुणाला इजा न होता कसे करावे, ते आज सांगणार आहे. घराचे दार, शाळेचा वर्ग आणि वसतिगृहातली मुलांची खोली, या तिन्ही जागांबद्दल सांगतो. मी जन्मभर शाळेत होतो. काही वर्षे एका वसतिगृहाची व्यवस्थाही पाहिली. तिथे एका मुलाने मला तोरणाचा खरा अर्थ शिकवला. ती गोष्ट शेवटी सांगेन.

आंब्याचीच पाने का?

तोरणाला आंब्याची पाने का घेतात? रूढी आहे हे खरे. पण रूढीच्या मागे उपयोगही आहे. आंब्याचे पान जाड असते. त्याच्यावर मेणासारखा चकचकीत थर असतो. त्यामुळे पानातले पाणी लवकर उडून जात नाही. कोवळे, मऊ पान तासाभरात मान टाकते. आंब्याचे पान एकदोन दिवस तरी हिरवे राहते, आणि वाळले तरी गळून पडत नाही.

आता झेंडू बघा. त्याला पाकळ्या दाट. म्हणून तो लवकर कोमेजत नाही. तुम्हाला नवल वाटेल, पण हा झेंडू मूळचा आपला नव्हे. तो अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. समुद्रापलीकडून आला आणि आपल्या दसऱ्याचा झाला. तिकडे मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करतात. त्या दिवशी तेही झेंडूच्याच फुलांनी घर सजवतात. फूल एकच, देश दोन.

कोकणात दसऱ्याला दाराला "नवं" बांधतात. भाताची नवी लोंबी, आंब्याचे पान, झेंडू, कुरडूचे फूल अशी ती जुडी असते. शेतातले पहिले धान्य आधी दाराला, मग घरात. किती शहाणी रीत आहे ही! ज्याच्या शेतात ज्वारी आहे त्याने कणसे बांधावी. ज्याच्याकडे बाजरी आहे त्याने बाजरीची. दारावरून घरधन्याचे पीक ओळखू यावे.

तोरण कसे करावे?

दार साधारण 90 सेंटिमीटर रुंद असते. सुतळी त्याहून हातभर जास्त घ्या. दोन्ही टोकांना गाठ मारायला ती लागते. पाने धुऊन पुसून घ्या. दर 6 सेंटिमीटरला एक पान धरा, म्हणजे 15 पाने लागतील. पानाचा देठ सुतळीवरून मागे दुमडा आणि खराट्याची बारीक काडी टोचून पक्का करा. दोन पानांच्या मधे एकेक झेंडू ओवा. 15 पानांच्या मधे 14 फुले बसतात. संपले काम. पैसे किती लागले? सुतळीचे काय ते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. तोरणाला टाचणी, स्टेपलरची पिन किंवा तार लावू नका. तुम्ही म्हणाल, तारेने काय बिघडते? ऐका. सण झाला की तोरण उकिरड्यावर जाते. तिथे गाय येते. गाय चारा नीट चावून खात नाही. आधी गिळते, मग बसून रवंथ करते. तारेचा तुकडा गिळला की तो तिच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो. त्या कप्प्याला लागूनच काळीज असते. पोट आवळले की तार टोचते, आणि कधी कधी थेट काळजापर्यंत जाते. जनावर चारा सोडते, पाठीत वाकते, कण्हते. आपल्याला कारण कळत नाही. चांगले दुभते जनावर हातचे जाते. आपण पोळ्याला बैलाच्या गोठ्यालाही तोरण बांधतो ना? मग त्याच तोरणाने त्याचा जीव जाऊ देऊ नये.

प्लॅस्टिकची फुले नकोत

हल्ली बाजारात प्लॅस्टिकच्या फुलांची तोरणे मिळतात. "एकदा घेतलं की दहा वर्षं चालतं," असे दुकानदार सांगतो. पण दोन उन्हाळे गेले की त्यांचा रंग उडतो. त्यांच्यावर धूळ बसते. मग ती फेकली जातात, आणि कुजत मात्र नाहीत.

थर्माकोलचेही तसेच. तो जाळला तर विषारी धूर होतो. पाण्यात टाकला तर तरंगत राहतो. 2018 साली महाराष्ट्र सरकारने बंदी घातली, तीत सजावटीचे थर्माकोल आणि प्लॅस्टिकही आले. म्हणून गणपतीच्या मखराला पुठ्ठा, बांबू, कापड, केळीचे खुंट वापरावे.

आणखी एक विचार करा. झेंडू कोण पिकवतो? आपलाच शेतकरी भाऊ. दसऱ्याच्या सकाळी झेंडूला भाव असतो. कधी माल जास्त झाला की संध्याकाळी तोच झेंडू बाजाराच्या रस्त्यावर टाकून त्याला रिकाम्या हाताने गावी परतावे लागते. आपण प्लॅस्टिकचे फूल घेतले की त्याचे एक गिऱ्हाईक कमी होते. परसात जागा असेल तर चार रोपे आपणही लावावी. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल येते. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावला तर जमिनीतल्या सूत्रकृमींचा त्रासही कमी होतो.

आपट्यावर दया करा

दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो. एक पान दिले तरी सोने, आणि फांदी दिली तरी सोनेच. मग फांद्या का ओरबाडायच्या? कित्येक ठिकाणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याची झाडे बोडकी होतात. आपटे संपले की लोक कांचनाकडे वळतात. कांचनाचे पान मोठे, आपट्याचे लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. दोन्ही पानांना मधे चीर असते, म्हणून लोक फसतात.

माझे सांगणे एवढेच. घरटी एक डहाळी आणा. घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला एकच पान द्या. आणि पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी आपट्याचे एक रोप लावा. तोडणाऱ्यानेच लावले तर झाड कसे संपेल?

तोरणाला सगळ्यांचे हात लागू द्या

आता जरा अवघड बोलतो. रागावू नका.

सणाच्या दिवशी दारात रांगोळी कोण काढते? सून, लेक, सासू. पण घरात एखादी बाई विधवा असेल तर ती कुठे असते? आत, चुलीपाशी. सगळा स्वयंपाक तिने करायचा. पण गुढीला, तोरणाला हात लावायचा नाही. हा कुठला न्याय? नवरा वारला यात तिचा काय दोष?

2022 सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की आमच्या गावात विधवा प्रथा पाळायची नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. एका खेड्याने राज्याला वाट दाखवली. मग आपल्या घरात आपण एवढे तरी करू शकतो. यंदाचे तोरण घरातल्या त्या बाईच्या हातून बांधून घ्या. घराला काही होत नाही. झालेच तर घरातले एक माणूस सुखावते.

रांगोळी आणि गेरू

रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड. कोकणात भाताची तुसे जाळून तिची पांढरी राख रांगोळीला घेतात. पैसे न घालता रांगोळी होते ती अशी. कुणी तांदळाचे पीठही वापरतात. मुंग्या ते वेचून नेतात. त्यांचाही सण होतो.

पालघर आणि ठाण्याकडचे वारली बंधू तर भिंतच सजवतात. भिंत शेणाने किंवा गेरूने सारवायची. तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा. बांबूच्या काडीचे टोक चावून तिचा कुंचला करायचा. लग्नात त्यांच्या बाया देवाचा चौक लिहितात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन, एवढ्यावर त्यांचे चित्र उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की झाले माणसाचे अंग! जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराने ही कला कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरू आणि तांदूळ कुणाच्या घरात नाही? वस्तू साध्याच असतात, हात शहाणा लागतो.

वर्गाच्या पताका

आता शाळेकडे चला. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, शाळेचे संमेलन, अशा दिवशी वर्ग सजतो. विकतची चमकी आणण्यापेक्षा मुलांकडून पताका करून घ्याव्या. त्यात गणितही शिकून होते. कसे ते पहा.

समजा, पतंगाचा कागद 75 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद आहे. लांबीच्या दिशेने त्याच्या दोन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टी 25 सेंटिमीटर उंच झाली. आता तिच्यातून त्रिकोण कापा. तळ 15, उंची 25. पण एकच दिशा धरून कापाल तर पाच पताका निघतील आणि बाकी कागद वाया जाईल. त्याऐवजी एक त्रिकोण सुलटा, दुसरा उलटा, असे कापा. एका पट्टीत 9 पताका बसतात. दोन पट्ट्यांत 18.

वर्गाच्या मधल्या तुळईपासून चार कोपऱ्यांना चार दोऱ्या लावायच्या. समजा, एक दोरी 6 मीटर. दर 20 सेंटिमीटरला एक पताका धरली तर एका दोरीला 30 लागतील. चार दोऱ्यांना 120. एका कागदाच्या 18, तर सात कागद पुरे. सहा उरतात, त्या दाराला लावा.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. खळ चकचकीत झाली की उतरवा. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलांच्या हाती द्यायच्या खळीत मोरचूद कधीही घालू नये. त्यापेक्षा रोज ताजी खळ करावी.

एक नियम मात्र सगळ्यांनी पाळावा. पताका कोणत्याही रंगाच्या करा, पण राष्ट्रध्वजाची माळ करू नका. आपला तिरंगा सजावटीची वस्तू नव्हे. त्याची झालर, पताका किंवा पुष्पगुच्छ करायला ध्वजसंहितेत मनाई आहे. ध्वज एकच असावा, लांबी-रुंदी 3 ला 2, मधल्या चक्राला आरे 24, आणि त्याची जागा सगळ्यात मानाची. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर टाकू नयेत. गुरुजींनी ते गोळा करावे आणि आडोशाला, आदराने त्यांची विल्हेवाट लावावी.

दिव्यांची माळ

दिवाळीत दारावर दिव्यांची माळ लावतात. नाताळात वसईकडे आणि गोव्यात ख्रिस्ती घरांवर चांदणी लागते. ईदेला मोहल्ले उजळतात. उजेड सर्वांना प्रिय. पण विजेशी थट्टा नको.

ज्यांचे घर पत्र्याचे आहे, दाराची चौकट लोखंडी आहे, त्यांनी फार जपावे. माळेची वायर कुठे सोललेली असली आणि ती पत्र्याला टेकली, तर सारे घर विजेचे होते. हात लावणारा चिकटतो. म्हणून माळ लावण्याआधी ती बोटभर बोटभर तपासा. जोड असेल तिथे वीजपट्टी गुंडाळा. वायर दाराच्या फटीत दाबू नका, खिळ्याने ठोकू नका. उघडी टोके सॉकेटात खोचू नका, पिन बसवून घ्या. ओल्या हाताने, ओल्या अंगणात उभे राहून बटण दाबू नका. झोपताना माळ बंद करा. आणि खांबावर आकडा टाकून तर वीज कधीच घेऊ नका. तो गुन्हा आहेच, पण त्यात माणसे मरतात. सण एका दिवसाचा. घरातले माणूस जन्माचे.

वसतिगृहातली खोली

आता वसतिगृहाकडे येऊ. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत, आपली कामे आपण करीत. 1927 साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. गरिबाच्या मुलाचे ते दुसरे घर झाले. आणि घर म्हटले की दार आले, दार म्हटले की तोरण.

मी सांगणार होतो ती गोष्ट आता ऐका. साल 1987. दिवाळीची सुटी लागली. वसतिगृहातली मुले वळकट्या बांधून गावी गेली. चार मुले मागे राहिली. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. दसऱ्यानंतर बैलगाडीत संसार घालून ही माणसे कारखान्याकडे निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. गावातल्या घराला कुलूप. मग मुलाने जायचे कुठे?

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. सहावीत होता. हातात तोरण होते. आंबा जवळ नव्हता, म्हणून त्याने आवारातल्या अशोकाची पाने घेतली होती. फुले म्हणून वहीच्या जुन्या कागदाची चक्रे कापून हळदीत बुडवली होती. तो म्हणाला, "गुरुजी, आई दर वर्षी दाराला तोरण बांधते. यंदा घराला कुलूप आहे. हे कुठं बांधू?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हणालो, "चल, तुझ्या खोलीच्या दाराला बांधू."

तो म्हणाला, "ती खोली माझी नाही गुरुजी, वसतिगृहाची आहे."

मी त्याचा हात धरला. आम्ही पाचही जण कामाला लागलो. खोली झाडली. ट्रंका पुसून भिंतीशी ओळीने लावल्या. दारात रांगोळी काढली. बांबूच्या कामट्यांचा कंदील केला. आणि इथे माझी चूक झाली, तीही सांगतो. कंदिलात मी मेणबत्ती लावून दिली. वाऱ्याने कंदील हलला, कागदाने पेट घेतला. आम्ही तो खाली ओढून पायाने विझवला. कुणाला भाजले नाही, हे नशीब. पण मुलांची तोंडे उतरली. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी लहान बल्ब आणून दिला आणि मुलांनी दुसरा कंदील केला. त्या दिवसापासून मी कागदाच्या कंदिलात मेणबत्ती लावू दिलेली नाही.

पहाटे मुलांना उटणे लावून आंघोळ घातली. आमच्या घरून फराळ आला. तोरणाखाली बसून चौघांनी खाल्ला. हळदीची फुले दोन दिवसांत फिकी पडली. पण त्या मुलाने तोरण काढू दिले नाही. गावी गेलेली मुले परत आली, तेव्हा ते दारावर होते. मग त्या मुलांनीही आपापल्या दारांना तोरणे केली.

पुढच्या वर्षीपासून आम्ही नियम केला. सुटी लागण्याआधी सगळ्या मुलांनी मिळून सगळ्या खोल्या सजवायच्या. कोण घरी जाणार, कोण राहणार, ते बघायचे नाही. मागे राहणाऱ्याला उघड्या दाराखालून जावे लागू नये.

म्हणून मंडळी, सणाला आपले दार सजले की घटकाभर वाटेवर उभे राहा आणि आळीतली सगळी दारे बघा. कुणाचे दार बोडके आहे? कुणाच्या घरी म्हातारा एकटाच आहे? कुणाची मुले आजीजवळ ठेवून आईबाप उसाला गेले आहेत? तुमच्या तोरणातली चार पाने, दोन फुले तिकडे न्या. सुतळी हातभर जास्त घ्या, असे मी वर सांगितले. ती याही कामाला येईल.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

1. तोरणाला तार का लावू नये?
2. तुमचे दार किती रुंद आहे? मोजा. त्याला किती पाने लागतील?
3. तुमच्या गावात आपट्याची झाडे किती उरली आहेत?
4. यंदा तुमच्या आळीत कुणाच्या दाराला तोरण नव्हते? का?